लाडीचं काम

पोस्टर रंगवणारा दर वेळी तिचं नाव वेगळं लिहायचा.
लिडिया हार्ट. लीडीया हर्ट.
एकदा तर घाईत, लाडिया हाट,
जणू बुधवारच्या बाजारात वांगी घेऊन बसलेली कोणी.
एस्तेरनं तेच धरलं. लाडी.
"रविवारी लाडी लागलीय देवळालीला. येतेस?"
एस्तेर पगारे, शरणपूरची,
नोट प्रेसमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर.

खेळ सकाळी साडेदहाचा.
ती चर्चमधून थेट, पेटी वाजवून दुखलेली बोटं चोळत;
मी घरी "जादा पाळी आहे" सांगून.
पुढच्या रांगांत तोफखान्याचे जवान,
मध्यंतरात खारे दाणे,
आणि गाणं रंगात आलं की
लांब रेंजवर तोफ धडाडायची.
नेमकी ठेक्यावर पडली तर सगळं थेटर हसायचं.

इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धं.
पाय कळायचे.

टोप्यांच्या दुकानातली लाडी घ्या:
काउंटरवर चढते, गिऱ्हाइकाच्या हातातली मोजपट्टी ओढते,
तीच दोरी, तीच चाबूक, तीच नवरीचा शेला.
जवान शिट्ट्या मारत. सगळ्यात गाजलेलं काम ते.
मला विचाराल, तर त्यात ती जरा जास्तच खूश आहे.

धोबीखान्यातली बरी. वाफेत उभी राहून गाते,
पण गळा दुसरीचा.
आमची नजर त्याच कामाला जुंपलेली,
दिवसभर शीटं उलटायची,
शाई कुठे फुगली, आकडा कुठे झुकला;
लाडीचे ओठ हलत होते, गळ्याची शीर नव्हती हलत.
एस्तेर अंधारात कुजबुजली, "रद्द."

आणि मग तो जिना.
वळणाचा, पांढराशुभ्र, बावीस पायऱ्यांचा.
मी मोजल्यात, तीन रविवार.
लाडी वरून उतरते, सोनेरी झगा, मागे चाळीस वादक,
आणि पंधराव्या पायरीवर टाच सरकते.
इतकीशीच.
ती खाली बघते, पायाकडे,
पाहुण्यांशी बोलता बोलता
दूध उतू जातंय का बघावं, तशी.
पुढच्या तालाला परत हसते.
पण ते हसू आधीचं नव्हे.
आधीचं शिकवलेलं होतं.

त्यांनी कापलं का नाही हे?
की दिसलंच नाही कुणाला?
एस्तेर म्हणाली, चूक आहे.
मी म्हटलं, चूकच आहे, आणि तेच तिचं काम.
बसमध्ये बिटकोच्या चौकापर्यंत भांडलो.
कंडक्टर विचारू लागला, कोणाचं काय झालं?

सोमवारी माझ्या हाताखाली एक शीट आलं.
शेवटच्या नोटेवर साताचं शेपूट किंचित घसरलेलं.
मी ते धरून बसले. भोंगा व्हायला आला.
मग लाल पेन्सिलीनं फुली मारली.
पगार त्याचाच होता.
सुटताना झडतीवाल्या बाईनं
डबा उघडला, पदर झटकला, अंबाडा चाचपला,
आणि जिन्याचा ठेका जिभेखाली धरून
मी फाटकाबाहेर आले.

थेटर कधीच पाडलं. लाडीचं पुढे काय झालं
कोण सांगणार, कोणत्या नावानं विचारणार?

काल गंगापूर रोडला, डोळ्यांच्या दवाखान्यात,
लिफ्ट बंद.
एस्तेर उतरत होती, एक डोळा पट्टीखाली,
कठड्याला धरून, एकेक,
आणि मध्येच कुठेतरी चप्पल सरकली.
तिनं खाली पाहिलं.
मग वर, माझ्याकडे.
कितवी पायरी, ते मोजायचं राहूनच गेलं.
"बघतेस काय, कौसल्ये," ती म्हणाली,
"पिशवी धर."